विमानाचा पगार आणि सालगड्याचा हिशेब



हे सदर पीकपाण्याचे. पण आता बहुतेक घरांतले एखादे माणूस मुंबईला असते आणि त्याचा पगार हेही घराचे एक पीकच आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्याच गावांची मुले राहतात. त्यांतली बरीच सहारच्या विमानतळावर कामाला जातात. कोणी सामान चढवतो, कोणी पहाऱ्यावर असतो, कोणी गाडी चालवतो. बारामती, धुळे, गोंदिया इथे विमान चालवायला शिकवू लागले, तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरातूनही वैमानिक निघू लागले आहेत. परवान्यासाठी दोनशे तास उडावे लागते. त्याचा खर्च मोठा, आणि पुष्कळदा जमीन गहाण टाकूनच तो उभा राहतो.

मग एक दिवस मुलाच्या हातात दोन पत्रे येतात. एक कायम नोकरीचे, आकडा लहान. दुसरे कराराचे, आकडा मोठा. मुलगा फोन करून विचारतो, "आबा, कोणते घेऊ?" आबा म्हणतात, "जास्त देतो त्याचे घे." हा सल्ला बरोबर आहे का, ते आज पाहू. उदाहरण वैमानिकाचे घेतो, कारण त्यात आकडे ठळक दिसतात. पण हिशेब सामान चढवणाऱ्या पोराला आणि कारखान्यातल्या मुलीलाही तोच लागू आहे.

सालगडी आणि उक्ते काम

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पाडव्याला सालगडी ठरतो. त्याचे साल ठरलेले, वर धान्य, कपडे. पाऊस लागून चार दिवस काम बंद राहिले तरी त्याचे साल कापत नाहीत. उक्ते घेणारा एकरावर ठरतो. त्याच्या हातात रोजचे पैसे जास्त पडतात, पण काम संपले की संबंध संपला. आजारी पडला तर त्याचे तो बघेल.

शहरातही तसेच आहे. फक्त तिथे "करार" या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली, मुदतीची नोकरी: तीन किंवा पाच वर्षांची, पण माणूस कंपनीचा नोकरच. पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा सारे असते. दुसरी, ठेकेदारामार्फत नोकरी: काम विमानतळावर, मालक मात्र ठेकेदार. तिसरी, व्यावसायिक करार: इथे माणूस नोकर नसतो, तो आपली सेवा विकणारा धंदेवाला ठरतो आणि त्याला पगार न मिळता फी मिळते. पत्र हातात आले की ते या तिन्हींतले कोणते, हे आधी ओळखावे.

नावावर मात्र जाऊ नये. मिठागरात काम करणाऱ्या अगरियांचा खटला यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. सौराष्ट्रातले हे लोक हंगामात मीठ पिकवत आणि पावसाळ्यात गावी जाऊन शेती करत. त्यांना वजनावर पैसे मिळत आणि मदतीला ते स्वतःची माणसेही लावत. कंपनी म्हणाली, हे कामगार नव्हेत, स्वतंत्र ठेकेदार आहेत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते कामगारच. काम कोणते करायचे एवढेच सांगितले, की ते कसे करायचे यावरही मालकाचा ताबा आहे, ही कसोटी न्यायालयाने लावली. म्हणजे कागदावर "सल्लागार" लिहिले आणि हजेरी, गणवेश, वेळापत्रक, रजा सगळे मालकाच्या हातात असले, तर तो कागद न्यायालयात टिकेलच असे नाही. पण न्यायालयापर्यंत जायला वर्षे लागतात. तेव्हा आधीच नीट वाचलेले बरे.

कराचा हिशेब

लोक समजतात, करारावर कर वाचतो. आकडे मांडून पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी कररचना धरू. दोन भाऊ आहेत, दोघांना वर्षाला १५ लाख.

थोरला कायम नोकरीत. पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. उरले १४,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, १२ लाखांच्या पुढे १५ टक्के. कर झाला ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ९७,५००. तो कंपनी दरमहा कापून भरते.

धाकटा व्यावसायिक करारावर. त्याला सरसकट वजावट नाही, पण धंद्याचा खरा खर्च पावत्या ठेवून वजा करता येतो. समजा १ लाख खर्च झाला. उरले १४ लाख. उपकरासह कर ९३,६००. म्हणजे फरक पडला ३,९०० रुपयांचा! एवढ्यासाठी वर्षभर पावत्या सांभाळायच्या आणि हिशेबनिसाची फी द्यायची.

मग मोठा आकडा मोठा का वाटतो? कारण फीमधून सुरुवातीला फक्त १० टक्के कर कापतात. धाकट्याला त्यातून उलट परतावा मिळेल. पण उद्या तो कॅप्टन झाला आणि निव्वळ उत्पन्न ४० लाखांवर गेले, तर कर होईल ८,११,२०० आणि कापलेला असेल ४ लाख. उरलेले ४,११,२०० त्याने स्वतः भरायचे, तेही हप्त्याने: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांपर्यंत. चुकला तर व्याज. बियाण्याला ठेवलेले धान्य घरात दिसते म्हणून दळून खाऊ नये, तसे हे पैसे खात्यात दिसले तरी आपले नव्हेत.

आणखी एक. सेवा विकणाऱ्याचा धंदा वर्षाला २० लाखांच्या पुढे गेला की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. नोकराच्या पगाराला हा कर नाही. दर १८ टक्के. करारात "फी अधिक कर" असे लिहिले असेल तर तो कंपनी देते. "सर्व करांसह २२ लाख" असे लिहिले असेल, तर त्यातले सुमारे ३ लाख ३५ हजार मुलाच्या खिशातून जातात. एका शब्दाचा हा फरक आहे.

शेताबद्दलही सांगून ठेवतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. पण सातबारा मुलाच्या नावावर असेल, त्याचे शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल आणि दुसरे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा धरला जातो. विवरणपत्रात तो दाखवावा.

पगारपत्रकात न दिसणारे पीक

आता खरा फरक. थोरल्याचे मूळ वेतन दरमहा ६५,००० धरू. कंपनी पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत घालत असेल, तर वर्षाला ९३,६०० झाले. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, म्हणजे ३७,५००. वर्षात एक महिना भरपगारी रजा धरली तर १,२५,०००. बेरीज करा: २,५६,१००. म्हणजे धाकट्याला थोरल्याच्या बरोबरीला यायचे तर १५ नव्हे, साडेसतरा लाखांच्या पुढे फी हवी. विमा, औषधपाणी अजून धरलेलेच नाही. काही कंपन्या निधी फक्त १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भरतात, तेव्हा वर्षाला २१,६०० च पडतात. म्हणून "निधी किती रकमेवर?" हे विचारावेच.

मुदतीच्या नोकरीत असलेल्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. पूर्वी ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागत. मुदतीच्या नोकराला आता एका वर्षानंतरही तिचा हक्क आहे.

वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. त्यात हमीचे तास किती, हे पाहायचे. आपल्या हमीभावासारखेच ते. २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा कंपनीत नव्या वेतनरचनेत हमीचे तास ७० वरून ४० वर आणले, तेव्हा वैमानिकांत असंतोष पसरला आणि विमाने रद्द करावी लागली. तासाचा दर चांगला होता, पण हमी कमी झाली होती.

दुष्काळ पडला की

कोणती नोकरी कशी, हे सुगीत कळत नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाने विमाने थांबली, तेव्हा एअर इंडियाने निवृत्तीनंतर करारावर घेतलेल्या सुमारे दोनशे वैमानिकांचे करार तात्पुरते थांबवले. कायम असलेल्यांचे भत्ते कापले, पण नोकरी राहिली. कोरडवाहू आणि बागायतीत एवढाच फरक असतो.

कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेजचे मुख्य कार्यालय अंधेरीतच होते, सहार रस्त्यावर. १७ एप्रिल २०१९ ला तिचे शेवटचे विमान उडाले. हजारो घरांचा पगार थांबला. अशा वेळी देण्याची रांग २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ठरवली आहे. कामगारांचा चोवीस महिन्यांचा थकलेला पगार तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने येतो. इतर नोकरांचा बारा महिन्यांचा त्याच्या मागे. फीचे बिल देणारा मात्र माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर, रांगेच्या शेपटाला. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या वाटपाच्या बाहेर ठेवल्या आहेत. जेटच्या नोकरांना त्या द्याव्यात, असे अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तरीही ७ नोव्हेंबर २०२४ ला शेवटी कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. तेव्हा हक्क असणे निराळे आणि पैसे हातात पडणे निराळे, हेही विसरू नये.

किंगफिशरची गोष्ट याहून बोचरी. तिचे कार्यालय विलेपार्ल्यात. विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. त्या कंपनीने पगारातून आयकर कापला, पण सगळा सरकारात भरला नाही. पुढे खात्याने नोकरांकडेच तो मागितला. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयाने तिथल्या एका वैमानिकाच्या बाजूने निकाल दिला: पगारातून कर कापला गेला असेल तर तो पुन्हा नोकराकडून वसूल करता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम २०५ चा आधार होता. पण कर कापला गेला, हे दाखवायला कागद लागतात. ज्याने पगारपत्रके जपली, त्याचे काम सोपे होते.

सही करण्यापूर्वी

मुलाला किंवा मुलीला हे प्रश्न लिहून पाठवा. पत्रात "पगार" लिहिले आहे की "फी"? मालक कोण, कंपनी की ठेकेदार? निधी किती रकमेवर? हमीचे तास किंवा दिवस किती? आजारपणात काय? सोडताना नोटीस किती आणि कंपनीने काढले तर किती? वैमानिकाच्या बाबतीत २०१७ साली महासंचालनालयाने कॅप्टनला एक वर्षाची व सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस ठरवली. कंपनीने काढायचे तर तीही तेवढीच मुदत देणार का, हे विचारावे. प्रशिक्षणाचा बाँड किती रकमेचा?

नोकरी लागल्यावर दर तीन महिन्यांनी दोन गोष्टी बघायच्या: निधीच्या पासबुकात रक्कम पडते का, आणि आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर कापलेला कर जमा दिसतो का. तीन महिने पडला नाही तर ती बुडत्या कंपनीची पहिली खूण समजावी. पगारपत्रके सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवावीत.

करार वाईटच, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या हातात मागणी असलेले कसब आहे, घरावर कर्ज नाही, आणि फी साडेसतराच्या हिशेबाने मिळते, त्याने खुशाल घ्यावा. पण ज्या घराने शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली आहे, त्याचा हप्ता दर महिन्याला येतो. तो हप्ता विमाने उडतात की नाही हे बघत नाही. अशा घराने लहान आकड्याची, पण बारमाही विहीर आधी धरावी. जमीन सुटली की मग मोठ्या पाण्याचा विचार करावा.