पदवी आणि पश्चात्ताप

मैत्रिणींनो, प्रियदर्शिनी मट्टू आठवते? दिल्लीतली कायद्याची विद्यार्थिनी, वय अवघं २५. मागे लागलेल्या मुलाविरुद्ध तिने पोलिसांत तक्रारी केल्या होत्या. तरी २३ जानेवारी १९९६ ला काकांच्या घरात बलात्कार करून तिचा खून झाला. संतोष सिंह, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, १९९९ मध्ये निर्दोष सुटला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली.

या माणसाने सुटकेसाठी अर्ज केला. तुरुंगात शिकलो, वागणूक चांगली आहे, सुधारलो आहे, असं त्याचं म्हणणं. २०२१ मध्ये शिक्षा पुनर्विलोकन मंडळाने नकार दिला. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं.

भिशीला हे निघालं तर एकच गलका. "सोडायचंच कशाला?" माझंही रक्त तापलं, खोटं कशाला बोलू! पण जिल्हा कारागृहात बायकांना अक्षरं शिकवायला मी काही वर्षं जात होते. खुनाची शिक्षा भोगणारी एक बाई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून पाटीकडे बघतच राहिली होती. जन्मठेप झालेल्यालाही किमान १४ वर्षांनंतर सुटकेचा विचार व्हावा असं मागता येतं, ही सोय तिच्यासारखीसाठीही आहे. ती बंद करा, असं माझ्या तोंडून निघत नाही.

मात्र संतोष सिंह गुन्ह्याआधीच कायदा शिकलेला होता. शिक्षणाने त्याचा हात धरला नाही. मग तुरुंगातल्या आणखी परीक्षांनी तो बदलला, हे कशावरून मानायचं? म्हणून न्यायालयाची एक गोष्ट मला पटली: कैद्याची मानसिक तपासणी तज्ज्ञांकडून व्हायला हवी. नुसत्या प्रमाणपत्रांची फाईल पुरेशी नाही.

आणि प्रियदर्शिनीचे वडील? मुलीच्या न्यायासाठी त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. सुटकेचा कागद पुढे सरकण्याआधी तिच्या घरच्यांना समोर बसवून विचारावं, "तुमचं म्हणणं काय?" आमच्या भिशीत तेवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. बाकीचा वाद पुढच्या महिन्यात सुलभाताईंकडे.