बटाट्याच्या डॉक्टराची फिर्याद

बटाट्याचे रोग अभ्यासण्यात आणि शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या वाट्याला दोन प्रश्न हमखास येतात. घरी आलेले पाहुणे विचारतात, "बटाट्यालाही डॉक्टर लागतो का हो?" आणि बांधावर उभा असलेला शेतकरी विचारतो, "सर, कोणतं औषध मारू?" पहिल्या प्रश्नाचा मला राग नाही. उपवासाच्या किसापासून वड्यापर्यंत ज्यांचे बटाट्यावाचून पान हलत नाही, त्यांनी एवढा विनोद खुशाल करावा. माझी फिर्याद दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तीही शेतकऱ्याविरुद्ध नव्हे, तर त्याला हाच प्रश्न विचारायची सवय ज्यांनी लावली, त्यांच्याविरुद्ध.

बटाटा लावतात तो बटाट्यापासूनच. त्यामुळे मागच्या पिढीचे दुखणे पुढच्या पिढीत आयतेच उतरते. म्हणून पहिला प्रश्न हवा तो 'बेणे कुठले?' हा. बांगडी रोगाचेच पाहा. झाड हिरवेगार असतानाच मान टाकते. बटाटा कापला की आत तपकिरी कडे दिसते. हा जिवाणू मारणारी फवारणी नाही. बेणे कापण्याच्या विळ्यावर बसून तो एका फोडीवरून दुसरीवर जातो. ओळखायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. सुकलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. थोड्या वेळात दुधासारखे धागे खाली उतरू लागतात. विळा निर्जंतुक करावा, शक्य तर अख्खे बेणे लावावे, त्या शेतात पुढे मका किंवा दुसरे तृणधान्य घ्यावे. यात कोणत्याही कंपनीची बाटली खपत नाही, हाच या उपायाचा मोठा दोष असावा!

आपल्या देशाने या क्षेत्रात मिळवलेला सर्वांत मोठा विजय बेण्याचाच आहे. मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्याला निघाली आणि १९५६ साली सिमल्याला गेली. त्या काळी निरोगी बेण्यासाठी डोंगराळ मुलखाकडे डोळे लावून बसावे लागे. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, उत्तरेच्या मैदानातही थंडीत काही काळ मावा फार कमी असतो. तेवढ्यात बेण्याचे पीक वाढवायचे आणि मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकायचा, म्हणजे माव्याने आणलेला विषाणू जमिनीतल्या बटाट्यापर्यंत पोहोचत नाही. हा विजय पंचांग आणि विळा यांचा होता.

"पण करप्याला फवारणी लागतेच ना?" लागते. ढगाळ, ओल्या हवेत ती वेळेवर हवीच. परंतु करप्याचे बीजही बहुधा रोगट बेण्यातूनच शेतात येते. शिवाय हा शत्रू रूप बदलतो. १९६८ साली 'कुफरी ज्योती' आली तेव्हा ती करप्याला दाद देत नव्हती. पुढे तिचे ते बळ ओसरले. नामांकित औषधांचीही तीच गत झाली. १८४५ साली आयर्लंडमध्ये करपा शिरला तेव्हा गरिबाच्या शेतात 'लंपर' ही एकच जात होती. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याच काळात तिथल्या बंदरांतून धान्य परदेशी जात होते. रोग बुरशीसारख्या जीवाने आणला. मरण मात्र व्यवस्थेने वाढले.

आमची व्यवस्था काय करते? परदेशी नियतकालिकातल्या लेखावर बढती देते. पन्नास शेतकऱ्यांना पाण्याचा पेला दाखवणाऱ्याच्या नावावर शून्य मांडते. एका मुलाखत मंडळापुढे मी बांधावरच्या कामाचा उल्लेख केला, तेव्हा मला सांगण्यात आले, "ते समाजकार्य झाले, संशोधनाचे बोला." विद्यार्थी बाटलीतला सुकलेला नमुना पाहून रोगाची लॅटिन नावे पाठ करतो आणि कुजक्या बटाट्याला हात न लावता पदवीधर होतो. असा पदवीधर बांधावर गेला, तर बाटलीचे नाव सांगण्यावाचून दुसरे काय करणार?

मग सारे खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर! सातगाव पठारावरच्या माणसाला बेण्याचे मोल शिकवावे लागत नाही. एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागते, लागवडीतला सर्वांत मोठा खर्च तोच. पंजाबातून मंचरच्या बाजारात आलेले पोते तो उलटसुलट करून पाहतो. पण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बटाट्याच्या पोटातला रोग डोळ्यांना कसा दिसावा? ते पाहून, तपासून, जबाबदारीने सांगणे हे ज्यांचे काम, ते परिसंवादात गुंतलेले असतात.

माझे मागणे फार नाही. बेण्याच्या प्रत्येक पोत्यामागे तपासणी असावी आणि खोट्या ग्वाहीला शिक्षा असावी. विद्यार्थ्याने एक हंगाम शेतात काढल्यावाचून त्याला पदवी देऊ नये. अध्यापकाच्या बढतीत निरोगी राहिलेली शेतेही मोजावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या वनस्पतिरोगशास्त्र शिकायचे म्हणाली, तर हसू नका. त्या विद्येवाचून तुमच्या ताटातली भाजी पिकत नाही.