हौशी समीक्षकाने परतले पाहिजे

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. नाटकवेड्या मंडळींच्या संदर्भात तो आदराने उच्चारला जातो. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेने या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली. एरवी मात्र ‘हौशी’ म्हणजे कच्चा, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उरल्या वेळात काहीतरी करणारा, असा किंचित तुच्छतेचा भाव त्यात असतो. व्हिडिओ गेमविषयी लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा दुसरा अर्थच आला. मुळात विषयच पोरखेळाचा. त्यावर लिहिणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी समजूत. परंतु हा हौशी लेखक लेखणी खाली ठेवून बसला आहे आणि नेमकी आजच त्याची गरज सर्वाधिक आहे, असे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला दिसते.

ही गरज समजण्यासाठी १९८३ सालच्या अमेरिकेकडे पाहावे लागेल. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्रांचा, म्हणजे कन्सोलचा, व्यापार त्या वेळी भरभराटीस आला होता. १९७९ मध्ये अटारी कंपनीतले चार प्रोग्रामर, खेळावर आपले नाव नाही व नफ्यात वाटा नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांच्या सहभागाने ॲक्टिव्हिजन ही संस्था उभी राहिली. यंत्र एकाचे व खेळ दुसऱ्याचा, ही प्रथा तेथून रूढ झाली. मग जो उठला तो खेळ काढू लागला. ओट विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेही १९८२ मध्ये या धंद्यात हात घातला! दुकाने भरली, पण वेष्टनावरील रंगीत चित्रावरून आतला खेळ बरा की वाईट, हे गिऱ्हाइकाला कळेना. चार वेळा फसलेला माणूस पाचव्या वेळी चांगल्या खेळालाही पैसे देईना. सुमारे तीन अब्ज डॉलरची ही बाजारपेठ दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास घसरली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये तो उकरूनही काढण्यात आला.

विक्रेत्याला मालाची प्रत माहीत असते, गिऱ्हाइकाला नसते. अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हा सिद्धान्त जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन १९७० साली मांडला. पुढे २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. खेळांच्या बाजाराने या सिद्धान्ताचा जणू प्रयोगच करून दाखविला.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८५ पासून अमेरिकेत यावर उपाय केला, तो सक्तीचा. यंत्रातच अशी चिप बसविली की परवानगीवाचून कोणाचाही खेळ त्यावर चालू नये. परवानाधारकांना वर्षाला पाच खेळांची मर्यादा घातली. मालावर कंपनीची मोहोर आली, गिऱ्हाइकाचा विश्वासही परतला. मात्र दाराची किल्ली एकाच्याच कमरेला लटकली.

ते दार पुन्हा किलकिले झाले ते इंटरनेटवरून खेळ उतरवून घेता येऊ लागल्यानंतर. काडतुसे बनविण्याचा व ती दुकानात पोहोचविण्याचा खर्च संपला. २००८ मध्ये जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ एक्सबॉक्सवर गाजला. एरिक बरोन या एकट्या माणसाने चारएक वर्षे खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला व त्याच वर्षी कन्सोलवर पोहोचला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील मूठभर मंडळींचा ‘हॉलो नाइट’ २०१७ चा. मोठ्या भांडवलाचा आधार नसलेल्या अशा खेळांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, म्हणतात. या स्वातंत्र्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याबरोबर १९८३ ची जुनी व्याधीही परतली आहे. संगणकावरील खेळांच्या स्टीम या दुकानात २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक खेळ आले. दिवसाकाठी जवळजवळ पन्नास! यांतील अनेक खेळ पुढे कन्सोलकडेही वळतात.

कन्सोलच्या गिऱ्हाइकाची स्थिती तर अधिकच अवघड आहे. स्टीमवर खरेदीदारांचे अभिप्राय खेळाच्या पानावरच वाचता येतात. शिवाय दोन तासांहून कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांत परत करता येतो. निन्टेंडोच्या स्विच यंत्रावरील दुकानात असे अभिप्राय नाहीत आणि विकत घेतलेला खेळ सर्वसाधारणपणे परतही होत नाही. त्या वेळी विक्रीच्या संख्येवर ठरत असलेल्या तेथील यादीत वर चढण्यासाठी काही निर्मात्यांनी आपले खेळ मध्यंतरी काही सेंटांत विकले, हाही प्रकार होऊन गेला. ॲकरलॉफ यांच्या विद्यार्थ्याला परीक्षेत याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. अशा बाजारात चार वर्षे खपून केलेला खेळ आणि चार आठवड्यांत उरकलेला खेळ एकाच फळीवर, एकाच आकाराच्या चित्रात दिसतात. यात नुकसान गिऱ्हाइकाच्या दोन-चारशे रुपयांचे, तसेच निर्मात्याच्या चार वर्षांचेही.

हे काम व्यावसायिक पत्रकारांनी करावे, असे कोणी म्हणेल. पण त्यांचेच घर आज स्थिर नाही. १९९१ पासून चालत आलेले ‘गेम इन्फॉर्मर’ हे मासिक त्याच्या मालकाने, म्हणजे खेळ विकणाऱ्या एका दुकानमालिकेनेच, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. २०२५ मध्ये नव्या मालकाकडे ते पुन्हा सुरू झाले. जाहिरातीवर जगणाऱ्या पानाला लहान खेळ परवडत नाही, कारण त्याच्या परीक्षणाला वाचक थोडे आणि त्याच्या निर्मात्याकडे जाहिरातीला पैसा नाही. मोठ्या खेळाविषयी मोकळेपणाने लिहिणेही सुखाचे नाही. जेफ गर्स्टमन या समीक्षकाने २००७ मध्ये एका खेळाला दहापैकी सहा गुण दिले. त्या खेळाच्या भरघोस जाहिराती त्याच संकेतस्थळावर झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. आणि तिचा संबंध त्या दडपणाशी होता, हे २०१२ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितले.

हौशी लेखकाचे बळ नेमके येथे आहे. त्याचा पगार दुसरीकडून येतो. शाळामास्तर, बँकेतील कारकून, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी यांना जाहिरातदार उपाशी ठेवू शकत नाही. आणि ही परंपरा काही हलकी नव्हे. १९८१ मध्ये निघालेले ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे या विषयाला वाहिलेले पहिले अमेरिकी मासिक ज्या तिघांनी काढले, ते बिल कंकल, आर्नी कॅट्झ व जॉइस वॉर्ली मुळात चाहत्यांच्या हस्तलिखितवजा अंकांतूनच घडले होते. धंद्याचा पाया हौसेनेच घातला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, फुकट लिहिणारे पगारी लेखकाच्या पोटावर पाय आणतील. मोठ्या खेळांच्या बाबतीत ही भीती अनाठायी नाही. म्हणून हौशी लेखकाने तिकडे जाऊच नये. कंपन्यांतील कामगारांची पिळवणूक शोधून काढणे यांसारखे श्रमाचे व जोखमीचे काम पगारी पत्रकाराचेच आहे. परंतु ज्या लहान खेळावर पैसे देऊन कोणी लिहूनच घेत नाही, तेथे हौशी माणूस कोणाची जागा बळकावतो? दुसरा आक्षेप असा, की आता व्हिडिओवर सारा खेळच पाहता येतो. खरे आहे, पण दाखविणे म्हणजे पारखणे नव्हे. शिवाय जे आधीच लोकप्रिय आहे तेच पुढे सरकविण्याकडे या माध्यमांचा कल असतो.

मात्र हौशीपणा ही बेजबाबदारपणाची सबब होता कामा नये. खेळाची प्रत विकत घेतली की निर्मात्याने दिली, हे लिहावे. खेळ किती तास खेळलो, शेवटापर्यंत गेलो की नाही, हे सांगावे. एकट्या माणसाच्या कामावर टीका करताना थट्टेचा मोह आवरावा. पण भिडेपोटी स्तुतीही करू नये. महिन्यातून एका खेळावर असे लिहिले, तरी ते पुरेसे आहे.

आपल्याशी याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवरच आला. त्यापूर्वी लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून उलगडते. त्यातील लढाई कशी रंगते, हे परदेशी समीक्षक सांगू शकतो. पण पुराणकथेचा उपयोग केवळ सजावटीसाठी झाला की तिच्यात काही नवे सापडले, याचा निवाडा ती कथा आजीकडून ऐकलेल्यानेच करावयाचा. तो मराठीत कितीशा लोकांनी केला?

महाविद्यालयीन वयात खेळांवर उत्साहाने लिहिणारी एक पिढी नोकरी, संसार आणि हप्ते यांत गुरफटून गप्प झाली. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून आठवड्यातील एक संध्याकाळ काढून त्याने पुन्हा लिहावयास घेतले आहे. यातून चार पैसे मिळणार नाहीत, आणि ते मिळत नाहीत हेच त्या शब्दाचे तारण आहे. बाजाराला कायदा लागतो, भांडवल लागते. तसाच ज्याला काही विकावयाचे नाही असा एक साक्षीदारही लागतो. ही साक्ष देण्याची पात्रता ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी आता घरी बसून राहू नये.