पोफळीत पाणी आहे, गहू नाही

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरते, वीज करते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णा लवादाने 1976 साली वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असे पश्चिमेला नेण्याची मुभा दिली. विहिरीच्या तळाला बादली घासणारा कापूस-ज्वारीवाला हे पाहून विचारणारच, एवढे पाणी असून इथे गहू का नाही?

कारण थंडी नाही. समुद्रामुळे कोकणातल्या रात्री उबदार राहतात. भात निघाला की इथले लोक वाल, कुळीथ पेरतात, ते शहाणपणाचेच आहे.

गव्हाला वाढीच्या काळात 7 ते 21 अंश तापमान मानवते, दाणा भरताना 25 च्या आसपास. हिशेब रोजंदारीसारखा आहे. पान उन्हाच्या उजेडात रोजची कमाई करते. थंडीत पीक सावकाश वाढते, म्हणून कमाईचे दिवस जास्त मिळतात. उष्णतेत ते घाईने पिकते. ऊन तेवढेच, हजेरी मात्र कमी. शिवाय उबदार रात्री दिवसाच्या कमाईतला वाटा श्वसनातच जळतो. सर्वांत मोलाचे फुलोऱ्याआधीचे वीसेक दिवस. तेव्हा स्वच्छ ऊन आणि गारवा असला तर ओंबीत दाणे जास्त धरतात. आभाळ राहिले किंवा उकाडा झाला तर दाण्यांची संख्याच घटते, आणि मागून कितीही युरिया टाकला तरी ती परत येत नाही.

आपल्याकडे थंडी आहे, पण ती हातची जाते. विहिरीला थोडे पाणी असलेला शेतकरी पऱ्हाटी उपटून डिसेंबरअखेर एकरभर गहू पेरतो. 15 नोव्हेंबरनंतर पेरणीला दर पंधरवडा उशीर झाला की एकरी सुमारे एक क्विंटल उतारा घटतो, असे कृषी विद्यापीठांची शिफारस सांगते. म्हणजे तीन क्विंटल पेरतानाच गेले. मार्चच्या उन्हात दाणा सुरकुततो तो असा. याला कोणी अज्ञान म्हणेल. आम्ही म्हणत नाही. शेवटची वेचणी सोडून कर्जाचा हप्ता कशातून भरायचा? शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली तर भिजवायचे कसे? तरीही आमचे मत असे, की डिसेंबरच्या मध्यापर्यंत रान मोकळे झाले तरच निफाडच्या एनआयएडब्ल्यू 34 सारखा उशिराचा वाण घ्यावा. जानेवारीत गहू पेरूच नये.

मार्च 2022 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात उभ्या गव्हाचे वजन गेले. हमीभाव 2,015 रुपये होता आणि युक्रेनच्या युद्धामुळे बाजार त्याच्या वर चढला होता. वजनाची तूट भावात भरून निघेल असे दिसू लागले, तोच 13 मे 2022 रोजी केंद्र सरकारने निर्यात बंद केली. कापूसवाल्यांना यात नवे काही नाही. 5 मार्च 2012 ची कापूस निर्यातबंदी आठवावी. वजन उन्हाने नेले, त्याला इलाज नव्हता. भाव मात्र सही-शिक्क्यानिशी नेला.

जिल्हा बैठकीत दोन ठराव यावेत. रब्बीत शेतीला दिवसा वीज, तीही 1 नोव्हेंबरपासून. आणि हंगामात निर्यातबंदी घातलीच, तर आदल्या दिवसाच्या भावाशी पडलेला फरक सरकारने भरून द्यावा. ज्यांनी गहू केला त्यांनी पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या आणि एकरी उतारा लिहून आणावा.