ही गाडी चालत नाही

"चालते का?"

माझ्या टेबलावरची गाडी पाहिलेल्या प्रत्येकाने हाच प्रश्न आधी विचारलाय. शेजारच्या काकूंनी, मामांनी, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या दादाने. मी म्हणतो, नाही. मग दुसरा प्रश्न, "रिमोट नाहीये का?" नाही. मग तिसरा, "विकतोस का मग?" तेही नाही. यानंतर समोरच्याचा चेहरा असा होतो की आता याच्या घरच्यांशी बोलायला हवं. काकू तर बोलल्याच आईशी. "मुलाचं लग्नाचं बघा आता," म्हणाल्या.

तर सांगतो. गाडी आहे पोर्शे कॅरेरा जीटी. जपानच्या तामिया कंपनीचं किट, १:२४ मापाचं. खरी गाडी ४ मीटर ६१ सेंटीमीटर लांब, माझी १९ सेंटीमीटरच्या थोडी पुढे. खऱ्या गाड्या जगात १,२७० च बनल्या, जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये. माझी बनली पुंडलिकनगरात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. सात महिने लागले. मी चिकलठाण्याला एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो, दिवसभर हातात व्हर्निअर असतो. घरी आल्यावर पुन्हा तेच बारीक काम कशाला, असंही विचारतात लोक. त्याचं उत्तर शेवटी देतो.

आधी माझं भांडण काय आहे ते ऐका. आपल्याकडे विकत घेतलेल्या गाडीला मान आहे. स्वतः केलेल्या गाडीला 'खेळणं' म्हणतात.

आमचं शहर गाड्यांचं शहर आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. दुचाकी, रिक्षा, मोटारी आणि त्यांचे हजारो सुटे भाग इथे बनतात. पण बाहेरच्या माणसाला या शहराची गाड्यांबद्दलची कुठली गोष्ट माहीत असते? ऑक्टोबर २०१० ची. शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. देशभर बातम्या झाल्या. त्या दीडशे जणांपैकी एकालाही कुणी विचारलं नसेल, "उपयोग काय याचा?" घ्यायची ऐपत आहे, हाच उपयोग. मी चार आकडी किंमतीचं किट घेऊन त्यावर सात महिने घालवले, तर मला मात्र हिशेब द्यावा लागतो.

पहिला आरोप, हे लहान मुलांचं काम आहे. मग दिवाळीचा किल्ला काय असतो? विटा, गोणपाट, चिखल आणून आपण तटबंदी करतो, बुरूज करतो, अळीव पेरून जंगल उगवतो. तेही मॉडेलच. फक्त मापाची बोंब असते, मावळा बुरुजापेक्षा उंच आणि वाघ दरवाजाएवढा. ते मूल सातवीपर्यंत कौतुकाचं असतं. नववीत गेलं की त्याच हातांना चिखल लावायची बंदी, कारण पुढच्या वर्षी दहावी. म्हणजे हात जेव्हा खरोखर नीट चालायला लागतात, नेमका तेव्हाच आपण तो खेळ बंद करतो आणि मग म्हणतो, हे लहान मुलांचंच काम. आता तर किल्लाही तयार मिळतो, प्लास्टरचा, रंगवलेला. शाळेच्या प्रकल्पाचं मॉडेल स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. माझ्या वर्गात पवनचक्कीचा पहिला नंबर एका विकतच्या पवनचक्कीला मिळाला होता. बाईंना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. त्या दिवशी वर्गातल्या चाळीस मुलांनी एक धडा नीट पाठ केला, करण्यापेक्षा आणणं सोपं आणि नंबरही त्यालाच.

आणि हे 'लहान मुलांचं काम' म्हणजे नेमकं काय, तेही ऐका. फक्त रंगाचं सांगतो. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाडी असते. तेवढीच जाडी मी माझ्या गाडीवर चढवली, तर मापाच्या हिशेबाने ती खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा थर दिल्यासारखी होईल. डांबर ओतल्यासारखी. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यातली फट ४ मिलिमीटर धरली, तर माझ्याकडे ती भरते ०.१७. दोन थर जास्त झाले की फट बुजते आणि दार दिसेनासं होतं. म्हणून रंग द्यायच्या आधी प्रत्येक रेघ सुईसारख्या हत्याराने खोल करून घ्यायची. चंदेरी रंगातले धातूचे कण खऱ्या गाडीसाठी ठीक, पण एवढ्याशा गाडीवर ते नवरात्रातल्या चमकीसारखे दिसतात. म्हणून कण बारीक असलेला रंग लागतो, तो दुधासारखा पातळ करावा लागतो आणि एअरब्रशने धुक्यासारखा मारावा लागतो. खाली गुळगुळीत काळा रंग दिला तर चंदेरी खुलतो, पण त्या काळ्यात धुळीचा एक कण राहिला तर चंदेरी त्याची चहाडी करतो.

पुंडलिकनगरात धूळ नाही असा दिवस शोधून दाखवा. रस्ता खोदलेला नसेल तर बुजवत असतात. मी रात्री अकरानंतर रंग देतो, आधी खोलीत पाणी शिंपडून. पावसाळ्यात तेही चालत नाही, दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. जुलैत माझी अख्खी बॉडी अशी पांढरी पडली आणि मला सगळा रंग उतरवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शेवटच्या क्लिअरवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे येतात, ते दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढायचे. आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी एका मगात भागवायला शिकलो, आणि ते पाणी नंतर आईच्या तुळशीला चालत नाही म्हणून बोलणीही खाल्ली. कोपऱ्यावर पेपर जरा जास्त फिरला की क्लिअर, चंदेरी, काळा, प्रायमर असे सगळे थर उघडे पडतात. तसंही झालं. पुन्हा उतरवला.

हे लहान मुलांचं काम असेल तर ती मुलं मला भेटवा, युनिटमध्ये भरती करून घेतो.

दुसरा आरोप जरा शिकलेली माणसं करतात. "पण ही नक्कलच ना? यात तुझं काय?" हा प्रश्न आमच्या शहरात विचारणं म्हणजे गंमतच आहे. इथे बीबी का मकबरा उभा आहे. साडेतीनशे वर्षं झाली, त्याला 'ताजची नक्कल' म्हणून हिणवून लोक थकले नाहीत. पैसा कमी, म्हणून संगमरवर थोडा आणि वर चुन्याचा गिलावा. पण त्या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळून पाहिलीत का कधी? हातात नसलेल्या दगडाचं काम चुन्याकडून करून घ्यायला काय लागतं, ते तिथे कळतं. आणि तिथल्या प्रवेशद्वारावर ते बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. ज्याला आपण नक्कल म्हणतो त्यावर नाव घालताना त्यांना लाज वाटली नाही.

नक्कल करायला आधी मूळ वस्तू कळावी लागते. तामियाचीच गोष्ट आहे. १९७० च्या दशकात त्यांना पोर्शे ९३४ चं मॉडेल करायचं होतं. फोटो आणि मापं पुरेनात, म्हणून शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा नटबोल्ट सुटा करून मापं घेतली. परत जोडायची वेळ आली तेव्हा जमेना, शेवटी पोर्शेच्या माणसांना बोलवावं लागलं. आपल्याकडे गाडी घेतल्यावर सीटचं प्लास्टिक काढायला दोन वर्षं लागतात.

तिसरा आरोप सगळ्यात जड आहे आणि तो माझ्या वयाची माणसं करतात, म्हणजे तुम्ही. "रील टाक ना. चॅनेल काढ. ऑर्डर घे." प्रेमाने म्हणता, माहितीय. पण नीट बघा, काकूंचा "विकतोस का?" आणि तुमचं "रील टाक" हा एकच प्रश्न आहे. ज्यातून पैसा किंवा निदान व्ह्यूज येत नाहीत, ते काम करायला आपल्याला परवानगी लागते. आणि परवानगी मिळावी म्हणून आपण खोटी कारणं देतो. मीही दिली. एकाग्रता वाढते, ताण जातो, स्क्रीन टाइम कमी होतो. थापा आहेत. पाचव्यांदा वाकडा चिकटलेला आरसा काढताना माझा ताण जात नाही, वाढतो. मी शिव्या घालतो. एकाग्रतेसाठी माणसाला सात महिने थिनर हुंगायची गरज नसते. (तो हुंगूही नका. चांगला मास्क आणि उघडी खिडकी, यात काटकसर करायची नाही.)

मग का करतो? ते सांगायला पप्पांकडे यावं लागेल.

पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं लाइनवर होते. त्यांचं स्टेशन चाकांचं. गाडी पुढे यायची, चाक चढवायचं, नट आवळायचे, गाडी पुढे जायची. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती गाड्या गेल्या याचा हिशेब त्यांनाही नाही. यातली एकही त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली नाही. त्यांना कधी विचारलं की तुम्ही काय बनवता, तर 'गाड्या' म्हणत नसत. "चाकं बसवतो," म्हणत.

माझ्या टेबलाकडे ते सहसा बघत नसत. "खेळणं आहे रे ते," एवढंच. डिसेंबरात एका रात्री वर आले, मी चाकं लावत होतो. कॅरेरा जीटीच्या चाकाला पाच नट नसतात, मधोमध एकच मोठा नट असतो. मापात तो तांदळाच्या दाण्याएवढा. डाव्या बाजूचे दोन लाल, उजव्या बाजूचे दोन निळे. पप्पांनी चष्मा वर केला, खाली केला.

"रंग चुकला तुझा. दोन्हीकडे वेगळा दिलास."

"नाही पप्पा. खऱ्या गाडीला तसेच आहेत."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "मग आटे उलटे असणार. इकडचा नट तिकडे लागू नये म्हणून."

किट आणल्यापासून ते लाल-निळे नट मी फोटोत शेकडो वेळा पाहिले होते. ते तसे का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पप्पांनी खुर्ची ओढली. गाडी हातात घेतली, बोटांचे ठसे उमटतील म्हणून कडेने धरली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन पाहिलं. गिअरची मूठ लाकडी रंगाची का, विचारलं. मी सांगितलं की पोर्शेच्या जुन्या ९१७ रेसिंग गाडीला हलक्या लाकडाची मूठ होती, तिची आठवण म्हणून. मोहरीएवढी मूठ, तिच्यावर मी तीन तपकिरी वापरले होते. "बरं," म्हणाले. मग मागचं डावं चाक नखाने हलवून म्हणाले, "हा बसला नाही नीट. काढ."

खरंच बसला नव्हता. काढला. त्यात रंग उडाला, एक संध्याकाळ गेली.

त्यानंतर त्यांनी खेळणं हा शब्द वापरलेला नाही. खेळण्यातला नट वाकडा बसला तर कुणी काढायला लावत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दिवसभर आपण सगळे तुकडे करतो. कुणी चाकं बसवतो, कुणी माझ्यासारखा एकाच भागाचं एकच माप घेतो, कुणी कॉल घेतो, कुणी एक्सेलच्या रकान्यात भर घालतो. ती वस्तू पुढे कुठे गेली, कशी झाली, आपल्याला कळत नाही. पोटासाठी ते करायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एखादं काम पहिल्या घासकामापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत आपलं असावं, चूकही आपली आणि दुरुस्तीही आपली, ही इच्छा चैनीची नाही. ती फक्त मोठ्या घरातल्या मुलांना परवडावी आणि आम्हाला तिच्यासाठी कारण द्यावं लागावं, हे मला मान्य नाही. व्हर्निअर धरून घरी आलेला माणूस पुन्हा बारीक काम का करतो, याचं उत्तर हेच. तिथे मी माप घेतो, इथे गाडी करतो.

आता आमच्या लोकांनाही दोन शब्द. मॉडेलवाल्यांत एक जात अशी आहे जिच्या कपाटात चाळीस किट असतात आणि पूर्ण झालेलं एकही नसतं. नवीन किट आलं की खोक्याचा फोटो. मित्रांनो, ती दीडशे मर्सिडीजचीच लहान आवृत्ती झाली. आधी हातातलं पूर्ण करा. आणि किट परवडत नाही म्हणून रडणाऱ्यांना: पुठ्ठा, फेविकॉल आणि स्टीलची पट्टी घ्या. तुमच्या गल्लीतली रिक्षा समोर उभी आहे, माप घ्यायला रिक्षावाले काका पैसे मागणार नाहीत. फार तर विचारतील, "चालणार का ती?"

नाही म्हणून सांगा, आणि पुढचं माप घ्या.