कोकणच्या पावसात आटणारे तळे

रा. रा. व्यवस्थापक महाशय यांस,



आमचे अर्ज आपल्या दप्तरी दाखल आहेत आणि त्यांवर ‘योग्य ती कार्यवाही सुरू’ असा शेरा मारण्याची मेहरबानीही आपण केली आहे. सबब पूर्वपीठिका उगाळत नाही.

ज्या कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि जेथे पिढीजात आगरीही मृगापूर्वी मिठागराचे काम आवरते घेतात, तेथे कारखान्याचे खारट सांडपाणी बारमाही उन्हावर आटवण्याची योजना ज्या विद्वानाने मंजूर केली, त्याच्या ऋतुज्ञानास आमचा दंडवत. चार हेक्टरांच्या तळ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 40 हजार लिटर. 200 मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे 80 लाख. हजार मिलिमीटरचा जुलै म्हणजे 4 कोटी. आणि बांधाच्या माथ्याखाली आपण मोकळी राखलेली जागा अवघी दीड फूट, म्हणजे 450 मिलिमीटर! बाकीचे पाणी कोठे जाते ते आमच्या खाचरांतील करपलेल्या आवणाला विचारावे. ‘पावसाळ्यातही बाष्पीभवन चालूच असते’ हे आपले लेखी उत्तर तर जपून ठेवण्याजोगे आहे. कारण सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे संपृक्त पाणी आटत तर नाहीच, उलट हवेतलेच बाष्प ओढून घेते, आणि आषाढ-श्रावणात आमची हवा 75च्या खाली क्वचितच उतरते.

बांधाची अवस्था निराळी सांगावयास नको. खाडीकडील पायथ्याशी खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपते आणि उन्हाळ्यात प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मिठाची पांढरी कड धरते. तळाशी साचलेली मिठाची खपली आपण जेसीबीच्या दातांनी खरवडता. खाली दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर आहे, याची चालकास कल्पना दिली होती काय? दोन अस्तरांमधील गळती जिच्यात उतरावी त्या विहिरीला कुलूप, आणि किल्ली ‘साहेबांकडे’. फ्लोरिडात पायनी पॉइंट येथे 2021 साली तळ्याचे अस्तर गळू लागले, तेव्हा बांध फुटू नये म्हणून सुमारे 81 कोटी लिटर दूषित पाणी टँपाच्या उपसागरात सोडावे लागले. आपण मात्र हेच काम दर पावसाळ्यात, कोणताही गाजावाजा न करता, आमच्या शेतांत उरकता.

31 मेपूर्वी तळे उपसून संपूर्ण पावसाळ्याचा पाऊस मावेल इतकी जागा मोकळी करावी, अथवा पावसाळाभर सांडपाणी सोडणेच बंद ठेवावे. बिळे चिकणमातीने ठासून बांध थराथराने दाबून घ्यावा. विहिरीचे कुलूप काढावे, आणि पातळीची पट्टी गावाकडून वाचता येईल अशी रोवावी. आकडे आम्ही स्वतः टिपू. तेवढाच आपल्या कारकुनांचा त्रास वाचेल.

आपला,
खाडीकाठचा एक खातेदार