थोराड पिलांची कैफियत

(इयत्ता दहावीतील एका विद्यार्थ्याकडून)

आपल्याकडे वय ओळखण्याची रीत अशी की, आधी उंची पाहावयाची आणि मग वय ठरवावयाचे. घरी पाहुणे आले म्हणजे मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि "चिरंजीव कॉलेजात असतील, नाही का?" असे वडिलांस विचारतात. मी अजून शाळेतच आहे असे कळले की त्यांची थोडी निराशाच होते. शाळेच्या रांगेत माझी जागा शेवटची, वर्गातला बाक शेवटचा; आणि वर्गात गलका कोणीही केलेला असो, "एवढा घोडा झालास, तुला तरी हे शोभते का?" हे वाक्य पहिल्याने माझ्याच वाट्यास येते. परंतु आज मी स्वतःची तक्रार मांडण्यासाठी लेखणी उचललेली नाही. अंगाने थोराड असण्याची शिक्षा माझ्याहून कितीतरी अधिक ज्यास भोगावी लागली, आणि त्या शिक्षेत माझाही हात होता, अशा एका मुक्या जिवाची कैफियत मला वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आमचे बिऱ्हाड हजीऱ्यास आहे. तापी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस पोलाद, खत आणि वायू यांचे अवाढव्य कारखाने, अशी ही वस्ती. नोकरीच्या निमित्ताने खानदेशातून आलेली आमच्यासारखी पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात राहतात. आमच्या शेजारच्या काकांनी दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, ग्रेट डेन जातीचे एक पिलू आणले. ते तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे होते; पण त्याचे पंजे पाहून आम्हां मुलांचे डोळे विस्फारले. काकांनी मोठ्या हौसेने त्याचे नाव 'घटोत्कच' ठेवले. लवकरच त्याचा 'घटू' झाला.

हे नावच पुढील सर्व गैरसमजाचे मूळ ठरले, असे आज मला वाटते. महाभारतातला घटोत्कच जन्मतःच तरुण झाला, अशी कथा आहे. राक्षसांच्या पोरांना बाळपण नसते. आमच्या घटूस मात्र ही विद्या अवगत नव्हती. पाचव्या महिन्यात त्याचे वजन तीस किलोच्या घरात गेले आणि त्याचे डोके माझ्या कमरेशी लागू लागले. परंतु तो होता पाच महिन्यांचाच. ही साधी गोष्ट साऱ्या वसाहतीत कोणाच्याही ध्यानात आली नाही.

घटूविषयी वसाहतीत दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणे, "एवढे धिप्पाड जनावर, आणि दिवसभर लोळत असते! अगदी आळशी आहे." दुसरा पक्ष म्हणे, "अंगावर धावून येते, ओढणी धरते, पोरांना पाडते. मारके आहे, याला बांधून ठेवा." गंमत अशी की दोन्ही पक्ष एकाच पिलाविषयी बोलत होते, आणि दोघांनी जे पाहिले ते खरेच होते. घटू दिवसाचे अठरा तास झोपे. मग एकाएकी उठून अंगणात गरगर फेऱ्या मारी, कुंड्या उलथवी, भेटेल त्याच्या अंगावर पुढचे पाय ठेवी, आणि दहा मिनिटांत दमून पुन्हा सावलीत आडवा होई. जे दिसले ते खरे होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्याप्रमाणे उपाय झाले. दिवसा त्याला आखूड साखळीने बांधण्यात आले, आणि संध्याकाळी त्याचा 'आळस' घालविण्याचे काम आम्हां मुलांकडे आले. आम्ही त्याच्या पट्ट्यास दोरी बांधून ती सायकलीस अडकवीत असू आणि सुवालीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याला पळवीत असू. याच सुवालीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची गलबते झुंजली, असे आम्ही इतिहासात शिकलो आहोत. आम्हीही आपापल्या सायकलींवर सेनापतीच्या थाटात निघत असू. एके संध्याकाळी घटू रस्त्यातच बसला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली उतरलो नाही. दोरीस हिसडा दिला. तो उठला आणि पुन्हा पळू लागला, कारण मी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मागचा डावा पाय टेकवेना.

सुरतेच्या पशुवैद्यांनी त्याला तपासले, छायाचित्र काढून पाहिले, आणि काकांना एकच प्रश्न विचारला : "तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल असते, तर त्याला तुम्ही मोटारीमागे पळविले असते काय?" त्या प्रश्नास उत्तर नव्हते. नंतर त्यांनी जे समजावून सांगितले, आणि त्यानंतर मी स्वतः जे वाचून काढले, ते प्रत्येक कुत्रेपाळकास ठाऊक असावे असे मला वाटते.

ग्रेट डेनचे पिलू जन्मते वेळी साधारण अर्धा-पाऊण किलोचे असते. दीड-दोन वर्षांत ते साठ-सत्तर किलोचे होते; म्हणजे जन्मवजनाच्या सुमारे शंभर पट. मनुष्याचे मूल तीन किलोचे जन्मते आणि साठ किलोचे होण्यास त्याला अठरा वर्षे लागतात. ती वाढ अवघी वीस पट. या वेगाचा सारा भार पिलाच्या हाडांवर पडतो. हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि तेथूनच हाड लांब होत जाते. लहान जातींच्या कुत्र्यांत ही कूर्चा वर्षाच्या आत पक्की होते. थोराड जातींत तिला दीड ते दोन वर्षे लागतात. तोपर्यंत बाहेरून खांबासारखे दिसणारे पाय आतून कोवळेच असतात. पिलू मधूनमधून झोपते ते आळसाने नव्हे. शरीर बांधण्याचे प्रचंड काम चालू असते, आणि त्या कामास विश्रांती लागते. त्याची शक्ती झऱ्यासारखी अखंड वाहत नाही. ती रहाटाच्या पोहऱ्यासारखी थोडी भरते आणि एकदम रिती होते. म्हणून खेळ केव्हा थांबवावा हे पिलाने ठरवावयाचे असते, सायकलीने नव्हे.

याचा अर्थ त्याला कोंडून ठेवावे असाही नाही. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड आदी मोठ्या जातींच्या पिलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिलांत खुब्याच्या सांध्याचा विकार अधिक आढळला, आणि मोकळ्या जमिनीवर मनमुराद बागडणाऱ्या पिलांत कमी. दोरी नसलेले खेळणे आणि दोरीने ओढलेले धावणे यांत हा असा फरक आहे.

आहाराविषयीही आमचा समज उफराटा होता. "एवढे अंग पोसावयाचे तर भरपूर घालावयास नको का?" असे म्हणून काका त्याला वाटीवर वाटी देत आणि वर हाडे बळकट व्हावीत म्हणून चुन्याच्या क्षारांची, म्हणजे कॅल्शियमची, पूडही घालीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्याच पिलांवर झालेला प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पिलांना हवे तितके खाऊ दिले, आणि इतरांना त्यांच्या सुमारे दोन-तृतीयांशच दिले. भरपूर खाणारी पिले झपाट्याने वाढली खरी. पण हाडांचे विकार त्यांनाच अधिक जडले. पुढे १९८५ साली हॉलंडमधील उत्रेख्त येथील संशोधकांनी दाखविले की, कोवळ्या वयात जादा कॅल्शियम दिल्याने ग्रेट डेनची हाडे बळकट न होता वेडीवाकडी होतात. कारण नको असलेले कॅल्शियम नाकारण्याची शक्ती त्या वयाच्या पिलांत पुरती आलेली नसते. माया करावी, पण ती वाटीने मोजू नये, हा यातला धडा.

आता स्वभावाकडे वळू. थोराड कुत्रे म्हणजे क्रूर कुत्रे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः पूर्ण वाढ झालेला ग्रेट डेन हा बहुधा शांत आणि माणसांना चिकटून राहणारा प्राणी असतो. त्याच्या नावात डेन्मार्क असले तरी त्याची जोपासना जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी झाली. पण आज त्याच्यात शिकाऱ्यापेक्षा सोबतीच अधिक दिसतो. सेंट बर्नार्ड ही दुसरी महाकाय जात. आल्प्स पर्वतात २,४६९ मीटर उंचीवरील खिंडीत जो मठ आहे, तेथील साधूंनी ती वाढविली. त्या मठातला 'बॅरी' हा १८०० ते १८१४ या काळातला कुत्रा. बर्फात सापडलेल्या चाळीसांहून अधिक वाटसरूंचे प्राण त्याने वाचविले, अशी त्याची ख्याती आहे, आणि त्याचे जतन केलेले शरीर बर्न येथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

परंतु ही शांतता जन्मासोबत येत नाही. ती घडवावी लागते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष उत्सुक असते, असे त्यांना आढळले. या काळात माणसे, मुले, वाहने, आवाज यांची जी भीती मोडते ती कायमची मोडते; आणि जे पिलू तेव्हा एकाकी राहते ते पुढे सर्वांनाच भिते. भ्यालेले लहान कुत्रे भुंकते, तेव्हा आपण हसतो. भ्यालेले साठ किलोचे कुत्रे भुंकले, तर आपण पोलीस बोलावतो. तेव्हा ज्या कोवळ्या आठवड्यांत पिलाला माणसांत मिसळू द्यावयाचे, त्याच आठवड्यांत 'मारके आहे' म्हणून त्याला साखळीस बांधणे, म्हणजे आपणच आपल्या हाताने मारके कुत्रे तयार करणे होय. शिवाय अवास्तव वेळ आखूड साखळीने जनावर बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

भीतीने सरकारी निर्णयांवरही छाया पडते. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुपालन खात्याने तेवीस जातींची कुत्री धोकादायक ठरवून त्यांच्या विक्रीस व पैदाशीस मनाई करण्याविषयी परिपत्रक काढले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या यादीत ग्रेट डेनचे नाव नव्हते; तरीही आमच्या वसाहतीत "सरकारनेच बंदी केली आहे" असे म्हणत एक गृहस्थ घटूस हाकलून द्या म्हणून दारोदार सह्या मागत होते. त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. घटूच्या उडीने त्यांचा चार वर्षांचा नातू खरोखरच पडला होता आणि त्याचे कोपर खरचटले होते. माझे म्हणणे इतकेच की, दोष पिलाच्या स्वभावाचा नव्हता. उडी मारू नये हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. आठ किलोचा असताना त्याच्या उड्यांवर आपण टाळ्या वाजविल्या, आणि चाळीस किलोचा झाल्यावर त्याच उडीस काठी दाखविली. नियम आपण बदलला. त्याला तो कसा कळावा?

येथे कोणी विचारील, "माणसांच्या पोरांना पुरेसे दूध मिळत नाही, तेथे या राजेशाही कुत्र्यांचे कौतुक कशाला?" हा आक्षेप मला पुष्कळ अंशी मान्य आहे. ज्याला जागा नाही, सवड नाही, त्याने केवळ मिरविण्यासाठी असले पिलू आणूच नये. बर्फातल्या सेंट बर्नार्डास सुरतेच्या उन्हाळ्यात ठेवणे तर मला अन्यायच वाटतो. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाने घाम येत नाही. धापा टाकून त्याला अंग निववावे लागते, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तोही उपाय तोकडा पडतो. ज्यास केवळ सोबत हवी, त्याने दारातले गावठी पिलू सांभाळावे. ते येथल्या हवेत रुळलेले असते, आणि वर्षभरात जाणते होते. परंतु जे पिलू आपण हौसेने आणले, त्याचे बालपण पुरविणे ही हौस नव्हे. ते ऋण आहे. थोराड कुत्र्यांचे आयुष्य सात ते दहा वर्षांचेच असते. त्यातली दोन वर्षे बालपणाची, म्हणजे एकूण आयुष्याचा चौथा-पाचवा हिस्सा. तोही आपण हिरावून घ्यावा काय?

घटू आता सव्वादोन वर्षांचा आहे. सहा आठवडे विश्रांती, मोजका आहार, आणि रोज सकाळी थोडा थोडा अभ्यास, एवढ्यावर तो सुधारला. ज्यांनी सह्या मागितल्या त्यांचाच नातू आज दुपारच्या वेळी ओट्यावर त्याच्या पोटास टेकून बसतो, आणि घटू हलतही नाही. फक्त पावसाळी हवेत तो डावा पाय जरा जपून टाकतो. ते पाहिले की मला ती संध्याकाळ आठवते, आणि सायकलीवरून न उतरलेला मी आठवतो.

त्याच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता. मी केवळ त्याचे वय विचारले नव्हते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे : एखादे पिलू, किंवा एखादे मूल, आपल्या अपेक्षेहून मोठे दिसले, तर त्यास आळशी वा दांडगट ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे, "याचे वय काय?" माझ्यासारख्यास ते निदान स्वतःच्या तोंडाने सांगता तरी येते. घटूस ते सांगता आले नाही.